रांगेतली मधली जागा

दिंग बाईंच्या वर्गात नव्याने येणारीला पहिल्या दिवशी एक गोष्ट चमत्कारिक वाटते. बाई चूक काढत नाहीत. समोरची म्हातारी कुराणातली आयत अशी काही आडवीतिडवी म्हणते की ऐकणाऱ्याने कानावर हात ठेवावेत. दिंग बाई मात्र डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकतात आणि म्हणतात, "छान. आता माझ्याबरोबर एकदा म्हणा." शीगुआन ह्या आमच्या गल्लीतले लोक म्हणतात, बाई वयाने मऊ झाल्या. फेंगयिंग काकूंच्या नवऱ्याचं मटणाच्या रश्शाचं दुकान मशिदीच्या तोंडालाच आहे, आणि काकूंची जीभ त्या रश्शाहून तिखट आहे. पण ह्या विषयावर त्यासुद्धा गप्प बसतात. तरुणपणची दिंग बाई त्यांनी पाहिलेली आहे. तेव्हा ती नुसती शुएलियान होती, हातात खडू होता, आणि मऊपणाचं नावही नव्हतं.

आम्हा चिनी मुसलमानांत बायकांची मशीद वेगळी असते. पुरुषांच्या मशिदीला लागून छोटं अंगण, तीन खोल्या, नमाजेआधी हातपाय धुवायची वजूची खोली, आणि त्यामागे बायकांच्या आहोंगची राहायची जागा. आहोंग म्हणजे नमाज पढवणारी, शिकवणारी, बाळंतिणीला धीर देणारी आणि बाई मेली की तिला शेवटची आंघोळ घालणारी. शुएलियान लहान असताना ही सगळी कामं मू आहोंग करायची. सगळ्या गल्लीची ती मू आजी. बुटकी, रुंद हाडाची, आणि हसली की डोळे पार बुजायचे.

शुएलियान तिच्याकडे पहिली आयत शिकली ती झाडू बांधता बांधता. सरकारने धर्मावर बंदी आणली त्या वाईट वर्षांत मशिदीत झाडूचा कारखाना घातला होता. कुराणं जाळून झाली होती, टोपी घालायची सोय नव्हती. मू आजी इतर बायकांसारखीच कामगार म्हणून ज्वारीच्या वाळक्या काड्यांच्या ढिगात बसायची. मुलींना हाताशी मदतीला घ्यायची. तारेचा एक वेढा, आयतेचा एक तुकडा. वेढा घट्ट ओढायचा आणि ओठ न हलवता तुकडा म्हणायचा. झाडू बांधून होईस्तोवर पोरीला आयत आलेली असायची. मू आजीला अरबी वाचता येत नव्हतं. तिला तिच्या आजीने शिकवलं होतं, आजीला तिच्या आजीने, आणि प्रत्येकीच्या जिभेवर ते अक्षर थोडं थोडं आमच्या मातीचं होत गेलं होतं. पण शिकवायची जी कळकळ होती ती कुठेच कमी झालेली नव्हती. रात्री ती नमाज पढायची पांघरुणात, आडवी पडून. उभं राहायचं तर शेजारी बघणार. म्हणून वाकायच्या जागी पापण्या मिटायची, कपाळ टेकायच्या जागी अजून घट्ट मिटायची. हे तिने कुणाला मोठेपणाने सांगितलं नाही. शुएलियानच्या आईला तिने तसंच शिकवलं होतं, म्हणून शुएलियानला ठाऊक.

पुढे मशीद उघडली. काड्यांचा कचरा काढला, भिंतींना चुना दिला. शुएलियान शाळेत हुशार होती. वायव्येकडे मुलींसाठी नवी अरबी शाळा निघाली आहे असं कळलं तेव्हा मू आजीनेच घरोघर फिरून तिला पाठवायचं ठरवलं. बाप कुरकुरला, की पोरगी इतक्या लांब जाऊन करणार काय. मू आजी म्हणाली, "मी जन्मभर अंधारात चाचपडत शिकवलं. कुणीतरी दिवा घेऊन येऊ दे की."

शुएलियान दिवा घेऊन आली खरी. फळा आणला, टेपरेकॉर्डर आणला, चित्रांची पाठ्यपुस्तकं आणली, आणि घशातून कुठलं अक्षर कुठे निघतं ह्याचा एक मोठा तक्ता आणला. त्यात माणसाचं तोंड उभं चिरलेलं दाखवलं होतं. शिवाय ती व्याकरण शिकून आली होती, अर्थ शिकून आली होती, गणित आणि भूगोलही शिकवू शकत होती. मू आजीने पहिल्याच शुक्रवारी सगळ्या बायकांसमोर आपली हिरवी शाल काढून तिच्या खांद्यावर घातली. "आजपासून वर्ग हिचा," म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी स्वतः वही घेऊन शेवटच्या बाकावर येऊन बसली.

वर्गात मजा असायची. टेप लावली की फेंगयिंग, तेव्हा नवी नवरी, विचारायची, "काय गं शुएलियान, ह्या यंत्रातल्या माणसाला सर्दी झालीय का? सगळं घशातूनच बोलतोय."

"गप गं," मागून मू आजी म्हणायची. "वाळूचा देश त्यांचा. घशात वाळू जात असेल."

बायका फिदीफिदी हसायच्या. शुएलियान हसायची नाही. तिला हे सगळं नीट व्हायला हवं होतं. वायव्येच्या शाळेत तिच्या उच्चारांवर पोरी हसल्या होत्या, तुमच्याकडे आयता म्हणतात की भाजी विकतात असं विचारलं होतं. ती लाज तिने गिळून ठेवली होती, आणि आता गावातल्या कुठल्याही बाईवर ती पाळी येऊ द्यायची नव्हती. हेतू चांगलाच होता. तिचा हेतू वाईट होता असं आजही कुणी म्हणत नाही. ती स्वतःही म्हणत नाही, पण त्याने तिचं समाधान होत नाही.

ते झालं पानगळीच्या दिवसांत. अंगणात दोरीवर सोललेली टेंभुर्णीची फळं सुकत होती. घशातली अक्षरं चालली होती आणि कितीही वेळा म्हणवून घेतली तरी मागचीच गत. शेवटी फेंगयिंग कंटाळून म्हणाली, "अगं, मरेस्तोवर आमची जीभ वळायची नाही. चालेल की तसंच. अल्लाला काय आमची बोली कळत नाही?"

बायका हसल्या. शुएलियानचा घसा दुखत होता, सकाळपासून चहासुद्धा झाला नव्हता. ती फटकन बोलली, "चालेल कसं? अक्षर बदललं की अर्थ बदलतो. अर्थ बदलला की नमाज होत नाही. पुस्तकात स्पष्ट आहे. तुम्ही आजवर जे केलंत ती नमाज नव्हतीच. नुसती उठाबशी होती."

हसू थांबलं. शेवटच्या बाकावरून मू आजीने हळूच विचारलं, "सगळीच का गं?"

"अक्षर चुकलं असेल तर सगळीच, आजी," शुएलियान म्हणाली आणि फळ्याकडे वळून पुढचं अक्षर लिहायला लागली.

पुढच्याच धड्यात काय होतं हे तिला माहीत होतं. ज्याची जीभ खरोखर वळत नाही, जो प्रयत्न करतो आणि अडखळतो, त्याची नमाज होते. उलट त्याच्या कष्टाचं फळ दुप्पट. पण तो धडा पुढचा होता. तिला शिकवलं होतं धडे क्रमाने घ्यायचे, आधी नियम पक्का करायचा, मग सवलत. नियम पक्का करता करता हिवाळा आला, बायका कामात गुंतल्या, आणि तो धडा वसंतावर गेला. वसंतात नव्या मुली भरती झाल्या, पुस्तक पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

मू आजी मात्र त्या दिवसापासून बदलली. शेवटचा बाक सोडून पहिल्यावर आली. टेप घरी मागून न्यायला लागली. पूर्वी दुपारी उन्हाला भिंतीशी बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत सगळ्या गल्लीची थट्टा करायची, ते बंद झालं. शुएलियानला वाटलं, म्हातारीला शिकायचा नाद लागला. तिला अभिमान वाटला. ती वर्गात सांगायची, "मू आजींकडे बघा. या वयात! आणि तुम्ही?" मू आजी खाली मान घालून वही चाळायची.

दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी फेंगयिंग हातात एक कापूस भरलेला पायजमा घेऊन वर्गाच्या दारात उभी राहिली. मू आजीला दर वर्षी तीच शिवून द्यायची.

"शुएलियान, हे बघ जरा. मागच्या हिवाळ्यात नवा शिवलाय. गुडघे बघ."

दोन्ही गुडघ्यांवर कापड फाटून आतला कापूस नाहीसा झाला होता. बाकी पायजमा धड होता.

"म्हातारी गावभर रांगत फिरते की काय?" फेंगयिंग म्हणाली. पण चेहऱ्यावर थट्टा नव्हती. "विचारलं तर म्हणते, थंडीने पाय चोळते."

शुएलियान वजूच्या खोलीमागे गेली. सकाळ मध्यावर आली होती, कुठल्याच नमाजेची वेळ नव्हती. दार अर्धं उघडं होतं. मू आजी उभी होती, वाकली, कपाळ टेकलं, भिंतीला हात लावून उठली. नमाज संपल्याचा सलाम फिरवला आणि श्वाससुद्धा न घेता पुन्हा हात बांधले. शुएलियान ही नमाज संपायची वाट बघत उभी राहिली. मग पुढची. मग तिला कळलं की हे संपणार नाही, आणि ती आत गेली.

"कुठली पढताय, आजी?"

मू आजी चोरी पकडल्यासारखी ओशाळली. "जुन्या आहेत गं. राहिलेल्या. फेडते."

"तुमची कुठली राहिली? झाडूच्या कारखान्यातसुद्धा तुम्ही सोडली नाही."

"त्याच तर आधी घेतल्या. पांघरुणातल्या." आजी खाटेच्या कडेला टेकली, गुडघे दोन्ही हातांनी धरून. "तेव्हा तर मी धड वाकलेही नव्हते. आणि अक्षरंही चुकीची. नुसती पापण्यांची उठाबशी झाली ती."

आपलाच शब्द असा परत येताना शुएलियानने ऐकला.

"किती पढणार आहात अशा?"

"मला कुठला हिशोब येतो. होतील तेवढ्या करते, उरतील त्यांचं तो बघेल. माझं मला काही नाही गं." आजीने गुडघे चोळले. "पण मी शिकवलं त्यांचं काय? तुझी आई. फेंगयिंगची सासू. त्या तर मातीत गेल्या. माझ्या जिभेवर भरवसा ठेवून गेल्या. त्यांच्या नमाजा आता कोण पढणार?"

शुएलियान तिच्या पायाशी बसली. जे बोलायला हवं होतं ते सगळं बोलली. पुढचा धडा सांगितला, पुस्तक आणून पान उघडून दाखवलं, बोट ठेवून अर्थ सांगितला. सांगता सांगता रडली. मू आजीने तिचे डोळे आपल्या बाहीने पुसले, लहानपणी पुसायची तसे.

"तेव्हा बोललीस ते पुस्तकातलं होतं," आजी म्हणाली. "आत्ता बोलतेस ते मायेचं आहे. मला फरक कळतो, पोरी."

शुएलियानने पुरुषांच्या मशिदीतल्या तिये नावाच्या आहोंगना बोलावलं. ते भले गृहस्थ अंगणात पडद्याआड उभे राहून बराच वेळ बोलले, की अल्ला दयाळू आहे, तुमची प्रत्येक नमाज पोहोचली आहे. मू आजीने आदराने ऐकून घेतलं. ते गेल्यावर म्हणाली, "चांगला माणूस आहे. तूच पाठवलंस ना?" आणि वजूची झारी भरायला गेली.

मग शुएलियानला एक गोष्ट सुचली. बोलून उपयोग नव्हता हे तिला कळलं होतं. पण एक नियम मू आजीला पक्का ठाऊक होता, सगळ्या गल्लीला तिनेच शिकवलेला. पढवणारीची नमाज झाली नाही तर तिच्याबरोबर उभं राहणाऱ्या कुणाचीच होत नाही. बायकांमध्ये पढवणारी पुढे एकटी उभी राहत नाही, पहिल्या रांगेच्या मधोमध उभी राहते. ती जागा शुएलियान आल्यापासून शुएलियानची होती.

संध्याकाळच्या नमाजेला बायका जमल्या होत्या. ह्या नमाजेत मोठ्याने पढायचं असतं, अक्षर न् अक्षर ऐकू येतं. शुएलियान मू आजीकडे गेली.

"आज तुम्ही पढवा. मी तुमच्या शेजारी उभी राहते. तुमची झाली नाही तर माझीही होणार नाही. आता तरी विश्वास ठेवाल?"

मू आजी तिच्याकडे बघत राहिली. "खरंच राहशील?" तिने विचारलं, आणि तिच्या आवाजात इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी उजळलं.

"राहीन."

"बघा गं," फेंगयिंग मागून म्हणाली, "आज आम्हाला कळेल अशी नमाज होणार."

मू आजी भिंत धरून उठली, पायजम्याचे नवे गुडघे झटकले आणि मधल्या जागी जाऊन उभी राहिली. बायका दोन्हीकडून सरकल्या. तिच्या उजव्या हाताची जागा शुएलियानसाठी मोकळी ठेवली.

शुएलियान चालत आली. रांगेच्या कडेशी आली, आणि तिचं पाऊल अडलं. मनात एवढंच आलं, की खरंच नाही झाली तर? माझी जाऊ दे, पण ह्या सगळ्यांची आजची? वायव्येच्या शाळेतला बाकांचा तो हॉल, ते हसणं, तो नियम, सगळं एकदम पायात येऊन उभं राहिलं. श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ गेला असेल. मग ती पुढे झाली.

पण मू आजीने मान वळवली होती. तिने आयुष्यभर पोरी शिकवल्या होत्या. कुणाला येतं आणि कुणाला येत नाही, हे तिला तोंडाकडे न बघता कळायचं. ती रागावली नाही. तिने शुएलियानची बाही धरली, तिला अलगद ओढून मधल्या जागी उभं केलं, आणि म्हणाली, "तूच पढव. वेळ जातोय."

आणि स्वतः रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

त्या संध्याकाळी शुएलियानने नमाज पढवली. एकही अक्षर चुकलं नाही.

त्यानंतर तिने पुन्हा विचारलं नाही असं नाही. दोनदा, तीनदा विचारलं. मू आजी हसून म्हणायची, "गुडघे दुखतात गं, मधे नको." खोलीतल्या नमाजा चालूच राहिल्या, उभ्याच्या बसून, बसल्याच्या आडवं पडून. शेवटी शेवटी ती पुन्हा पापण्यांनीच पढत होती, पांघरुणात, आणि ते बघणं शुएलियानला सोसलं नाही. बर्फ वितळण्याआधी मू आजी गेली.

तिला शेवटची आंघोळ शुएलियाननेच घातली. फेंगयिंग झारीने पाणी घालत होती. गुडघ्यांपाशी आल्यावर फेंगयिंगचा हात थांबला. कातडी काळी पडून घट्ट झाली होती, जुन्या चामड्यासारखी. शुएलियानने त्या गुडघ्यांवरून इतका वेळ हात फिरवला की शेवटी फेंगयिंगला म्हणावं लागलं, "पुरे आता. पाणी गार होतंय."

बाकीचं आयुष्य सांगण्यासारखं आहे, आणि ते चांगलंच आहे. वर्ग वाढला. तिच्या मुली शिकल्या, परिचारिका झाल्या, दुभाषी झाल्या, एक तर विमानतळावर अरबी व्यापाऱ्यांशी बोलते. पुढचा धडा ती आधी घ्यायला लागली, आणि छापील क्रम मोडल्याबद्दल कुणीतरी नाराजीही कळवली. तिने ऐकून घेतलं आणि मोडतच राहिली. आता मुलींचा वर्ग भरत नाही. येतात त्या म्हाताऱ्याच, नातवंडं शाळेत गेल्यावर, उन्हाच्या वेळी. फळा अजून आहे. घशाचा तक्ता तिने कधीच उतरवून ठेवला.

संध्याकाळी मात्र दिंग बाईंची एक सवय आहे. नव्याने आलेल्या, जिची जीभ सगळ्यात कमी वळते अशा बाईला त्या मधल्या जागेकडे हात दाखवतात. परवा सिमेंटच्या दुकानातली नवी आजी अशीच घाबरली.

"बाई, तुम्ही असताना मी कशी? मला चार आयता येतात, त्याही धड नाहीत. सगळ्यांची नमाज घालवीन मी."

"तुमची होईल तशीच माझी होईल," दिंग बाई म्हणाल्या.

आणि ती जागेवर पोहोचायच्या आत, बघणाऱ्याला घाई वाटेल इतक्या लवकर, बाई तिच्या शेजारच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. पाय जुळवून, हात सोडून, तिची वाट बघत. लोक ह्याला बाईंचा नम्रपणा म्हणतात. फेंगयिंग काकू, ज्यांचे आता स्वतःचेच गुडघे जाग्यावर नाहीत, मागच्या खुर्चीवर बसून हे बघतात आणि दुसरीकडे मान फिरवतात.

राहिलेली नमाज कशी फेडायची, हे दिंग बाईंनी साऱ्या गल्लीला शिकवलं आहे. आजारपणातली, प्रवासातली, विसरलेली, प्रत्येकीची फेड आहे. मू आजीच्या शेजारी उभं राहून पढायची जी एक राहिली, तिची मात्र फेड नाही. ती एकटीने पढता येत नाही, आणि पढवणारी गेली.